त्या कागदावर सही करायच्या आधी एकदा वाचा (आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना खुलं पत्र)

आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या काका-काकूंना, दादा-वहिनींना आणि कमिटीच्या मंडळींना,

मी २०४ मधली. नाव लिहायची गरज नाही, गेल्या चार वर्षांत आमच्या घराला "ते दरोड्यावाले" असं नवीन नाव पडलंय ते मला माहितीये, दूधवाल्याच्या पण तोंडून एकदा चुकून निघालं आणि बिचारा स्वतःच ओशाळला.

परवा रविवारी वॉचमनकाका एक कागद घेऊन मजल्या-मजल्यावर फिरत होते. वरून खाली येताना त्यांनी सवयीने आमची पण बेल वाजवली आणि मग दारात मी दिसल्यावर त्यांना काय करावं ते सुचेना, कागद पाठीमागे लपवायला लागले. मी म्हटलं द्या काका, वाचते फक्त. टाइप केलेला होता, वर पोलीस स्टेशनचा पत्ता, विषय "दरोड्याच्या गुन्ह्यातील आरोपीस जामीन मिळू नये याबाबत" (आरोपी म्हणजे माझा भाऊ, आठ महिन्यांपूर्वी शिक्षा झालेला), खाली सगळ्या फ्लॅटचे नंबर ओळीने आणि पुढे सहीला जागा. सतरा सह्या झाल्या होत्या. २०४ च्या पुढे पेनाने आडवी रेघ मारलेली होती.

मी भांडायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. कागद ज्यांनी काढला त्यांच्या घरात रात्री अकराला कामावरून येणारी मुलगी आहे, त्यांना भीती वाटते यात मला काही चूक दिसत नाही, मी पण वागळेतून रात्री एकटी चालत येते. पण त्या कागदात जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि सह्या केलेल्यांपैकी तिघांना मी विचारलं तर तिघांनीही वाचला नव्हता, "सगळ्यांनी केली म्हणून केली" असं एक काका म्हणाले. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय, चहा पिता पिता वाचा.

वकिलांनी मला दम दिलाय की केसबद्दल कुठे काही बोलायचं-लिहायचं नाही. त्यामुळे जजमेंटमधे जे छापलेलं आहे तेवढंच सांगते. पण माझा भाऊ त्या रात्री घरीच झोपला होता असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मला फ्रॉकमधे असल्यापासून ओळखता, तुमच्यापुढे मला ते जमणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे "दरोडा" हा शब्द. बोलताना आपण सगळेच म्हणतो, पण कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी. इथे दोघं होते, एका बाइकवर. तिला कायद्यात जबरी चोरीच म्हणतात, म्हणजे चोरी अधिक धाक. गुन्हा नोव्हेंबर २०२१ चा म्हणून जुनं आयपीसी (भारतीय दंड संहिता) लागलं, कलम ३९२ आणि ३९७, नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली आणि तिच्यात हीच कलमं ३०९ आणि ३११ झालीत. तुम्ही म्हणाल शब्दाने काय फरक पडतो, ज्याची चेन गेली त्याची गेलीच. बरोबर आहे. पण पोलीस स्टेशनला सतरा घरांच्या सहीने कागद द्यायचा तर निदान गुन्हा तरी बरोबर लिहा की.

आता ३९२ आणि ३९७ मधे काय फरक आहे ते मला पण आठ महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. मी डिस्पॅचमधे काम करते, माझा संबंध चलन आणि ई-वे बिलाशी. पण निकाल लागला त्या रात्रीपासून मी एवढं वाचलंय की ऑफिसमधली पोरं मला वकीलबाई म्हणतात. ३९२ म्हणजे जबरी चोरीची शिक्षा, दहा वर्षांपर्यंत, हायवेवर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधे असेल तर चौदापर्यंत, पण कमीत कमी किती ते लिहिलेलं नाही, म्हणजे वय किती, आधीची केस आहे का, कोणी नक्की काय केलं हे बघून जज ठरवू शकतात. ३९७ मधे मात्र घातक हत्यार वापरलं की सात वर्षांच्या खाली जाताच येत नाही. जजची इच्छा असली तरी नाही. आमच्याकडे दोघांना ३९७ लावून सात-सात वर्षं दिली.

आणि इथेच आमचं अपील आहे. जजमेंट ४१ पानांचं आहे, त्याच्या १९ व्या पानावर फिर्यादीची उलटतपासणी आहे, त्यात ते दादा स्वतः सांगतात की मागे बसलेला खाली उतरला, त्याने सुरा दाखवला आणि मोबाइल, पाकीट, चेन घेतली, पुढचा हेल्मेट घालून गाडी चालू ठेवून बसला होता, तो काही बोलला नाही. पुढचा म्हणजे कोर्टाच्या मते माझा भाऊ. ३३ व्या पानावर मात्र "दोन्ही आरोपींनी सुऱ्याचा धाक दाखवला" असं एका वाक्यात येतं आणि तिथून थेट सात वर्षं. १९ ते ३३ या चौदा पानांत तो सुरा मागच्याच्या हातातून दोघांच्या हातात कधी आला ते मला सापडलं नाही, आणि मी ती पानं एवढ्यांदा वाचलीत की कडा मऊ पडल्यात.

हे मी माझ्या डोक्याने म्हणत नाहीये. १९७५ साली सुप्रीम कोर्टाने फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या केसमधे सांगितलंय की ३९७ मधला "अपराधी" म्हणजे ज्याने स्वतः हत्यार वापरलं तोच, बरोबरच्या सगळ्यांना ते आपोआप लागत नाही. ती पेट्रोलपंप लुटल्याची केस होती. आता यातली गंमत अशी की फूलकुमार स्वतः हरलाच, कारण सुरा त्याच्याच हातात होता, आणि कोर्टाने हे पण म्हटलं की सुरा भोसकायला पाहिजे असं नाही, दिसेल असा धरला तरी तो वापरच. म्हणजे हा निकाल काही चोरांच्या बाजूचा नाही. ज्याने त्याने आपापल्या हाताचं भोगायचं एवढंच त्यात आहे.

म्हणजे अपील मंजूर झालं तरी तो धुतल्या तांदळासारखा बाहेर येणार असं नाही हो. ३९२ राहू शकतं, दोष राहू शकतो, शिक्षा पण राहू शकते, फक्त ती त्याने जे केलं त्याच्या मापाची असावी. वकिलांनी अपिलात बाकीचे पण मुद्दे घातलेत, ओळख परेड उशिरा झाली, पंच फितूर झाला, सीसीटीव्हीला सर्टिफिकेट नाही (असलं रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून चालायला ते जोडावं लागतं, २०२० ला सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका निवडणूक केसमधे ते सर्टिफिकेट लागतंच असं पक्कं केलं). वकिलांचं कामच आहे ते. मला विचाराल तर सर्टिफिकेटचा मुद्दा मला फारसा भावत नाही, का ते लिहीत नाही. १९ व्या पानाचा मुद्दा मात्र मी कोणाच्याही डोळ्यात बघून सांगू शकते.

त्या फिर्यादी दादांबद्दल पण सांगायचंय. साक्षीच्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर एकटेच बसले होते, मांडीवर डब्याची पिशवी, बहुतेक सेकंड शिफ्टला जायचं असणार, आणि बसल्या बसल्या त्यांचा हात सारखा गळ्याकडे जात होता, चेन होती तिथे. चार मिनिटांत तीन वेळा गेला. मला उठून त्यांच्यापाशी जाऊन माफी मागायची होती, मी दोन पावलं टाकली पण, तर वकिलांनी दंडाला धरून मागे ओढलं, म्हणाले ताई वेड लागलंय का, साक्षीदाराशी बोललात तर धमकावलं म्हणून तुमच्यावरच केस पडेल. त्यामुळे ती माफी राहिलीच आहे. तुम्हाला वाटत असेल की २०४ वाल्यांना त्या माणसाचं काही पडलेलं नाही, म्हणून हे लिहिलं.

चेअरमनकाका लिफ्टमधे मला म्हणाले होते, "कोर्टाने एकदा सांगितलं ना, मग आता वर जाऊन काय उपयोग, पैसेवाल्यांचे धंदे आहेत ते." काका, राग मानू नका पण दोन्ही चूक. अपील ही काही मेहेरबानी नाही, सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली की हायकोर्टात अपील करायचा हक्क कायद्यानेच दिलाय. आणि पैशाचं म्हणाल तर जो तुरुंगात आहे त्याला फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कस्टडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, बाईमाणसाला पण नाही, १५१०० ला फोन केला तरी कुठे जायचं ते सांगतात. तुरुंगातून बाहेर न पडता सुद्धा अपील करता येतं, अर्ज जेलरकडे द्यायचा, त्यांनी तो कोर्टात पाठवायचा. निकालाची कॉपी आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते. हे सगळं मला नंतर कळलं.

आधी काय झालं ते ऐका. निकालाच्या दिवशी त्याला कॉपी मिळाली होती, पण तो एवढा भांबावला होता की घडी घालून कपड्यांच्या पिशवीत टाकली आणि कोणाला सांगितलंच नाही. आम्ही इकडे नक्कल काढायला अर्ज, स्टॅम्प, हेलपाटे. त्यात पहिले वकील म्हणाले अपिलाला तीस दिवस असतात, संपत आले, आता डबल फी लागेल, आईने पाटल्या मोडल्या. दुसऱ्या वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले तीस दिवस खालून सेशन्सला अपील असेल तर, हायकोर्टाला साठ असतात, कोणी सांगितलं तुम्हाला तीस? पाटल्या परत आल्या नाहीत. तुरुंगात मुलाखतीला गेले तेव्हा काचेपलीकडून फोनवर तो म्हणतो, ताई कॉपी तर माझ्याकडेच आहे. मी हसले की रडले मला आठवत नाही. वकालतनाम्यावर त्याची सही आणि जेलचा शिक्का होऊन कागद हातात यायला अजून आठवडा, आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी अपील फाइल झालं. मग कोर्टाच्या ऑफिसचं ऑब्जेक्शन, अमुक पान पुसट आहे टाइप करून द्या, पानांचे नंबर नीट टाका, हे सगळं झाल्यावर एकदाचा नंबर पडला.

(तुरुंगाच्या त्या दगडी भिंतीशी उभी असताना मला दर वेळी शाळा आठवते. चौथीत की पाचवीत बाईंनी आम्हाला तिथे नेलं होतं, अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या याच तुरुंगात फाशी दिली म्हणून. मी झेंडूची फुलं घेऊन रांगेत होते. आता त्याच भिंतीशी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत.)

आता त्या कागदातली सगळ्यात मोठी चूक. "आरोपी लवकरच सुटणार असल्याचे समजते." काय समजते, कोणाला समजते? आम्ही अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडा असा अर्ज केलाय. त्याचा अर्थ शिक्षा रद्द असा होत नाही. दोषी हा शिक्का तसाच राहतो, अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो अटींवर बाहेर राहतो आणि अपील हरलो तर परत आत जाऊन उरलेले दिवस पूर्ण भोगायचे. आत्तापर्यंत केस चालू असताना चौदा महिने आणि निकालानंतर आठ, असे बावीस महिने त्याने आत काढलेत, आधीचे चौदा पण शिक्षेतून वजा होतात.

हा अर्ज करायचं कारण साधं आहे. हायकोर्टात अपिलं खूप असतात. मी दोनदा जाऊन आले, सकाळची ठाण्याहून स्लो पकडून सीएसएमटी, तिथून चालत, आणि संध्याकाळपर्यंत बोर्डावर आपला नंबर कधी येतोय ते बघत बसायचं. दोन्ही वेळा आला नाही. कोणाला दोष देत नाही, माझ्या डोळ्यादेखत ते जज साहेब जेवणाची वेळ उलटून गेली तरी बसले होते. पण अपिलाचा नंबर लागेपर्यंत सात वर्षं संपली आणि मग कोर्टाने म्हटलं की अरे याला ३९७ लागतच नव्हतं, तर ती वर्षं कोण परत देणार? सुप्रीम कोर्टाने १९९९ साली गुजरातच्या एका केसमधे हेच म्हटलंय, ती पण ३९२-३९७ चीच होती, दहा वर्षांची शिक्षा, की ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर विशेष काही कारण नसेल तर स्थगितीचा अर्ज मोकळ्या मनाने बघा, आणि स्थगिती देता येत नसेल तर अपील तरी लवकर ऐका, नाहीतर अपिलाच्या हक्काला काही अर्थच राहत नाही. मग जज साहेब काय ते ठरवतील. नाही म्हणाले तर नाही.

आणि "कोर्टाने एकदा सांगितलं" याबद्दल अजून एकच. नाशिकची २००३ ची केस, दरोडा, खून, बलात्कार, ऐकवणार नाही इतकं भयंकर प्रकरण. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००९ ला खुद्द सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीच सुनावली. आणि मार्च २०१९ मधे त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख द्यायला लावले, कारण जी बाई वाचली होती तिने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांच्या मागे कोणी गेलंच नव्हतं. सोळा वर्षं. "वर जाऊन काय उपयोग" म्हणून ते गप्प बसले असते तर लटकले असते. आमची केस तशी नाही, मी आमच्या पोराला त्यांच्या रांगेत बसवत नाहीये. फक्त वरचं कोर्ट कशासाठी असतं ते सांगतेय.

आता आपल्या बिल्डिंगपुरतं. अर्ज मंजूर झाला तर पोलीस स्टेशनला हजेरी असेल, कदाचित ठाण्याच्या बाहेर जायला बंदी असेल, जी अट घालतील ती. तुम्हाला तो जिन्यात दिसायला नको असेल तर मामांकडे कळव्याला ठेवायची आमची तयारी आहे, हे मी चेअरमनकाकांना आधीच सांगितलं होतं, ते कागदात आलेलं नाही. तुम्हाला पोलिसांना पत्र द्यायचंच असेल तर द्या, तुमचा हक्क आहे, पण त्यात "वारंवार गुन्हे करणारा" लिहिलंय ते काढा. त्याच्यावर आधीची एक केस नाही, जजमेंटच्या ३८ व्या पानावर सरकारी वकिलांनीच ते मान्य केलंय. "रहिवाशांना धमक्या" असं पण आहे. कोणाला, कधी? आठ महिने तो आत आहे आणि बाहेर आहोत मी आणि आई, आणि आईचा आवाज तर आता समोरच्या दाराला पण ऐकू जात नाही. गुडघे दुखतात तरी ती जिन्याने जाते, कारण ती लिफ्टमधे शिरली की बोलणं थांबतं असं तिला वाटतं. मी तिला म्हटलं तुझा भास आहे. तसं मला पण वाटतं, पण मी काही जिन्याने जात नाही.

जामीनदाराबद्दल मी तुम्हाला कोणालाच विचारणार नव्हते आणि विचारत पण नाहीये. ऑफिसमधले एक सीनियर तयार झालेत, पगाराची स्लिप आणि रेशन कार्ड घेऊन येतो म्हणाले. त्यांचा आमच्याशी काही संबंध नाही, एकाच लोकलच्या डब्यात असतो एवढंच.

कागद बुधवारी पोलीस स्टेशनला जाणार असं कळलं. त्याच्या आधी ज्यांना जजमेंट वाचायचंय त्यांनी या, मी साडेसातनंतर घरी असते. झेरॉक्स टीव्हीच्या टेबलावर ठेवलीये. इंग्रजीत आहे, पण १९, ३३ आणि ३८ ही तीन पानं मी मराठीत वहीत लिहून काढलीत, मूळ पान शेजारी ठेवून ताडून बघा, चुकलं असेल तर सांगा. आणि वॉचमनकाकांना म्हणावं की जाताना कागद परत एकदा आमच्याकडे आणा. २०४ समोरची रेघ खोडून तिथे मला सही करायची नाहीये, पण "वाचले" एवढं लिहायचंय.

तुमची,
२०४ मधली ताई